सोडियमचा जमाखर्च

आज सकाळपासून तुम्ही थोडेसे सोडियम खाल्ले आहे. पोह्यांतून असेल, आमटीतून असेल, नाहीतर लोणच्याच्या फोडीतून असेल. पण खाल्ले आहे खास. १०० ग्रॅम मिठात सुमारे ३९ ग्रॅम सोडियम असते. उरलेले ६१ ग्रॅम असते क्लोरीन, म्हणजे घसा जाळणारा तो हिरवट पिवळा वायू. हे दोघे जण एकत्र येऊन आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला मुकाट्याने बसलेले असतात.

आता शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आठवा. त्यात एका रुंद तोंडाच्या बाटलीत रॉकेल असते आणि रॉकेलात बुडवून ठेवलेले मळकट, पांढुरके तुकडे असतात. घरातून रॉकेल आता जवळजवळ हद्दपार झाले आहे, पण या बाटलीत ते अजून टिकून आहे. त्यातला एक तुकडा शिक्षक चिमट्याने बाहेर काढतात, टिपकागदावर टिपतात आणि सुरीने कापतात. साबणाची वडी कापावी तसा तो कापला जातो. आतला भाग चांदीसारखा लखलखतो आणि तुम्ही नीट पाहीपर्यंत काळवंडूही लागतो. हेही सोडियमच. मिठातले आणि बाटलीतले, दोन्ही एकच मूलद्रव्य.

बाटलीतल्या सोडियमची माझी पहिली खरी ओळख प्रयोगवहीतून झाली नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पदवीच्या वर्गात होतो. सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन किंवा गंधक आहे का, हे पाहण्यासाठी तो पदार्थ सोडियमबरोबर लहानशा काचनळीत तापवण्याचा एक प्रयोग असतो. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी कापून उरलेले सोडियमचे तुकडे टिपकागदात गुंडाळले आणि कागद बेसिनमध्ये टाकला. कागद रॉकेलाने ओला होता, त्यामुळे काही वेळ काहीच घडले नाही. मग माझा एक मित्र हात धुवायला गेला आणि त्याने नळ सोडला. स्फोटाचा आवाज शेजारच्या वर्गांतही ऐकू गेला. बेसिनला तडा गेला आणि चिनी मातीचा एक कपचा उडून मित्राच्या भुवईत घुसला. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता. तो व्रण आजही त्याच्या भुवईवर आहे. चूक सोडियमची नव्हती. ती आमची होती, आणि उरलेल्या तुकड्यांचे काय करायचे हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. बेसिन फोडणारी ही उग्रता मिठात जाते कुठे? पुढे मी रसायनशास्त्र सोडून पदार्थविज्ञान घेतले आणि उत्तर मला तिथे मिळाले. ते रसायनाच्या पुस्तकातही असते. मात्र एका सोयीस्कर वाक्यामागे ते झाकले जाते.

ते वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल: "सोडियमला आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो." मीही ते वर्गात म्हटले आहे. पण ते खरे नाही. जगातला कोणताही अणू आपला इलेक्ट्रॉन फुकट देत नाही.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात एकटा १. या एकट्या इलेक्ट्रॉनला अणुकेंद्र ओढत असते, पण आतल्या १० इलेक्ट्रॉनांचा पडदा मध्ये असल्याने ती ओढ पुष्कळ कमी होते. कमी होते, शून्य होत नाही. हा इलेक्ट्रॉन अणूपासून अलग करायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्च करावी लागते. (एका इलेक्ट्रॉनने १ व्होल्टचा विभवांतर ओलांडला की त्याला जेवढी ऊर्जा मिळते तो १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अणूंच्या बाजारातले हे चलनी नाणे आहे असे समजा.) हायड्रोजनच्या अणूचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ नाणी लागतात, निऑनचा काढायला २१.६. त्या मानाने सोडियम स्वस्त आहे, इतकेच.

हा इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूने घेतला तर क्लोरीनकडून किती परत मिळते? ३.६१. म्हणजे खर्च ५.१४ आणि जमा ३.६१. एका दूरवरच्या सोडियम अणूने दुसऱ्या दूरवरच्या क्लोरीन अणूला इलेक्ट्रॉन दिला तर दीड नाण्याचा निव्वळ तोटा होतो! मग हा व्यवहार होतो तरी कशासाठी?

याचे कारण व्यवहारानंतर घडणाऱ्या गोष्टीत आहे. इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियमचा धन आयन होतो, क्लोरीनचा ऋण आयन होतो आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचतात. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती वर, खाली आणि चारही बाजूंना असे सहा क्लोरीन आयन असतात, आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. त्यांच्यातले अंतर इतके थोडे असते, सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या जेमतेम पावणेतीनपट, की या बांधणीतून दर जोडीमागे सुमारे ८ नाणी जमा होतात. त्यातून दीड नाण्याचा तोटा वजा करा. सोडियमच्या तुकड्यातून अणू सुटा करण्याचा आणि क्लोरीनचा रेणू तोडण्याचा खर्च मिळून सुमारे २.४ होतो, तोही वजा करा. तरी चारांहून थोडी जास्त नाणी शिल्लक राहतात. हा नफा उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडतो. तापलेले सोडियम क्लोरीनच्या बरणीत सोडले की पिवळ्या ज्वाळेने भगभगून जळते ते त्यामुळेच.

माझ्या प्रश्नाचे उत्तर हेच. मिठातले सोडियम शांत आहे, कारण त्याचा व्यवहार पुरा झाला आहे आणि नफा केव्हाच वाटला गेला आहे. बाटलीतल्या सोडियमचा व्यवहार व्हायचा आहे. रॉकेलात त्याला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून ते थांबले आहे, एवढेच.

सोडियम मग दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही? कारण तो आतल्या कवचातला असतो आणि त्याचा भाव आहे ४७.३. एवढा खर्च भरून काढील अशी कोणतीही बांधणी सोडियमला मिळत नाही. तेव्हा सोडियमचा आयन नेहमी एकाच धन प्रभाराचा.

निसर्गात सोडियम किंवा पोटॅशियम कधीही धातुरूपात का सापडत नाही, हेही आता तुमच्या लक्षात आले असेल. या धातूंची संयुगे माणूस हजारो वर्षे वापरत आला आहे. आपल्याकडचा सज्जीखार म्हणजे अशुद्ध सोडियम कार्बोनेट, आणि जवखार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आणि बुळबुळीत लागते तेही सोडियमच्या क्लोराइड आणि कार्बोनेट या क्षारांमुळे. अल्कली हा शब्दच मुळी वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला. पण या राखेत धातू दडलेला आहे असे कोणी सांगितले असते तर लोक हसले असते.

तो धातू बाहेर काढायचा तर वाटून टाकलेला सगळा नफा व्याजासकट परत भरायला हवा होता. कोळशाच्या भट्टीने लोखंड मिळते, पण त्या काळी पोटॅशियमचे कोडे भट्टीने सुटले नव्हते. १८०० साली व्होल्टाने विद्युत्-घटांची चळत तयार केली आणि परतफेड करण्याचे एक नवे साधन हाती आले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही या तरुण संशोधकाने प्रथम कॉस्टिक पोटॅश पाण्यात विरघळवून त्यातून वीज सोडून पाहिली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काही निघेना, कारण पाणी मोडणे स्वस्त पडते; वीजही स्वस्ताचाच माल उचलते. मग त्याने कोरडा पोटॅश घेतला. त्यातून वीज वाहीचना! शेवटी ६ ऑक्टोबर १८०७ रोजी त्याने पोटॅशचा तुकडा जरा वेळ हवेत ठेवला. हवेतला दमटपणा शोषून त्याचा पृष्ठभाग किंचित ओलसर झाला, वीज वाहू लागली, पोटॅश वितळू लागला आणि ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही थेंब तिथल्या तिथे फट्कन पेटलेही. डेव्ही तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याचा चुलतभाऊ एडमंड मदतीला होता. हम्फ्री आनंदाने खोलीभर नाचत सुटला, असे त्याने सांगितले आहे. थोड्याच दिवसांत डेव्हीने अशाच रीतीने सोडियमही मिळवले.

आता पाण्याकडे येऊ. नळाखाली जे घडले तेच शिक्षक चंचुपात्रात, मोहरीएवढ्या तुकड्याने, सुरक्षितपणे करून दाखवतात. सोडियम पाण्यावर तरंगते, वितळून त्याची गोळी होते, ती सूं सूं करत पृष्ठभागावर सैरावैरा पळते आणि नाहीशी होते. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब असतील तर मागे गुलाबी रंग उमटतो, कारण सोडियम हायड्रॉक्साइड तयार झालेले असते. बाहेर पडतो तो हायड्रोजन.

पहिल्या गणात सोडियमच्या वर लिथियम आहे आणि खाली पोटॅशियम, रुबिडियम व सीझियम. लिथियम पाण्यात नुसते फसफसते. पोटॅशियम टाकताक्षणी जांभळट ज्वाळेने पेटते. सीझियम तर भांडेच फोडते. कारण पाठ्यपुस्तकात दिलेले असते: खाली जावे तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातो आणि त्याचा भाव उतरतो. लिथियम ५.३९, सोडियम ५.१४, पोटॅशियम ४.३४, रुबिडियम ४.१८, सीझियम ३.८९. (सीझियम २८.४ अंश सेल्सियसला वितळते. नागपूरच्या मे महिन्यात बंद कुपीतले सीझियम पातळच असणार. याच सीझियमच्या अणूवर १९६७ पासून आपल्या सेकंदाची व्याख्या आधारलेली आहे. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

तर मग सीझियमपासून सर्वांत जास्त उष्णता मिळत असेल, नाही का? वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात "हो" म्हणून वर जातात. आता मोजलेले आकडे पाहा. सारख्याच संख्येचे अणू घेतले (एक मोल), तर पाण्याशी होणाऱ्या विक्रियेत लिथियम सुमारे २२२ किलोज्यूल उष्णता देते, सोडियम १८४, पोटॅशियम १९६ आणि सीझियम २०३. गणातले सर्वांत सौम्य दिसणारे लिथियम सर्वांच्या पुढे!

आपला जमाखर्च इथेही कामाला येतो. इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च लिथियमच्या बाबतीत सर्वांत जास्त आहे, पण त्याचा आयन इवलासा असतो, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याच्या अगदी जवळ येऊन त्याला घट्ट लगडतात. या लगडण्यातून लिथियमला सुमारे ५.४ नाणी परत मिळतात, सोडियमला ४.२, पोटॅशियमला ३.३. खर्च जास्त, पण जमाही जास्त. हलकेपणा आणि हा जमाखर्च या दोन गुणांमुळेच आज तुमच्या घरातल्या मोबाइलच्या बॅटरीत लिथियम जाऊन बसले आहे.

मग भांडे सीझियमच का फोडते? कारण नफा किती आणि तो किती घाईने पदरात पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक किलो लाकूड जळताना एक किलो बंदुकीच्या दारूपेक्षा जास्त उष्णता देते, पण लाकडाने कोणी सुरुंग लावत नाही. लिथियम १८० अंशांना वितळते, म्हणजे उकळत्या पाण्याच्या उष्णतेनेही ते वितळत नाही. तुकडा तसाच राहतो आणि विक्रिया हळूहळू चालते. सोडियम ९८ अंशांना वितळते, पोटॅशियम ६३.५ अंशांना. वितळलेला धातू सतत नवा पृष्ठभाग पाण्यासमोर धरतो.

एवढ्याने सगळे स्पष्ट झाले असे मलाही कित्येक वर्षे वाटत होते. पण विचार करा. धातूभोवती हायड्रोजन आणि वाफ जमली की तो थर धातूला पाण्यापासून अलग करणार. मग विक्रिया मंदावली पाहिजे. स्फोट कसा होतो? हा प्रश्न प्राग येथील पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनावर घेतला. त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचे थेंब पाण्यात टाकले (हा मिश्रधातू साध्या तापमानाला पातळ असतो) आणि सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा लावला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रांत दिसते ते असे: थेंब पाण्याला टेकल्यावर एका मिलिसेकंदाच्या आतच त्यातून साळिंदराच्या काट्यांसारखे धातूचे काटे चहूकडे फुटतात. संगणकावर गणित मांडल्यावर कारण कळले. थेंबाच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन इतक्या झटकन पाण्यात पळतात की मागे नुसते धन आयन उरतात. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि थेंब आपल्याच प्रभाराने फुटतो. काटे फुटले की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, वायूच्या थराला अडवायला सवडच मिळत नाही आणि विक्रिया अनावर होते. हायड्रोजनचे पेटणे ही त्यानंतरची गोष्ट.

शंभर-दीडशे वर्षे जगभरच्या वर्गांत दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगाची ही गुरुकिल्ली २०१५ पर्यंत कोणाच्या हाती लागली नव्हती. पाठ्यपुस्तकात एखाद्या गोष्टीचे कारण छापलेले आहे म्हणून तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे थांबवू नका, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. दाखला म्हणून हीच चित्रे दाखवतो.

आता शेजारच्या घरात डोकावू. दुसऱ्या गणातले मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम हे अल्कधर्मी मृदा धातू. नावातल्या 'मृदा'चा शेतातल्या मातीशी संबंध नाही. जे पदार्थ आगीने बदलत नाहीत आणि पाण्यात फारसे विरघळत नाहीत त्यांना युरोपातले जुने रसायनतज्ज्ञ 'माती' म्हणत. चुना ही अशीच एक माती. १७८९ साली लव्हॉयझरने मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा त्यात चुन्याला स्थान दिले होते. मात्र या मातींत धातू असावेत अशी शंकाही त्याला होती. ती शंका खरी ठरवली ती पुन्हा डेव्हीनेच, १८०८ मध्ये, पाऱ्याची मदत घेऊन.

कॅल्शियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. पहिल्याचा भाव ६.११, दुसऱ्याचा ११.८७, एकूण १८. एवढा खर्च करण्यापेक्षा एकच इलेक्ट्रॉन देऊन स्वस्तात सुटावे, असे तुम्हांला वाटेल. पण जमेची बाजू पाहा. दोन धन प्रभारांचा आयन आणि दोन ऋण प्रभारांचा ऑक्सिजन आयन समोरासमोर आले की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. दोन गुणिले दोन. चुन्याच्या स्फटिकात दर जोडीमागे ३५ च्या आसपास नाणी जमा होतात. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन घ्यायला लावण्याचाही खर्च येतो, तो धरूनसुद्धा व्यवहार भरघोस फायद्याचा ठरतो. तिसऱ्या इलेक्ट्रॉनचा भाव मात्र ५०.९ आहे. तिथे कॅल्शियम हात आखडता घेते.

ही चौपट ओढ पुष्कळ गोष्टी सांगून जाते. मीठ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची स्फटिकरचना सारखीच. पण मीठ ८०१ अंशांना वितळते, तर मॅग्नेशियम ऑक्साइड वितळायला सुमारे २८५० अंश लागतात. म्हणून पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटा लावतात. एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅमहून अधिक मीठ विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, शुद्ध पाण्यात काही मिलिग्रॅमच विरघळते. पाण्याचे रेणू कॅल्शियमच्या आयनाला सोडियमपेक्षाही जोराने लगडतात, पण कार्बोनेटची पकड सुटता सुटत नाही.

यातून एक फार मोठी गोष्ट घडली आहे. जगातल्या नद्या सरासरीने सोडियमपेक्षा कॅल्शियमच जास्त वाहून नेतात. तरीही समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम अवघे ०.४ ग्रॅम असते. नद्यांनी आणलेले कॅल्शियम गेले कुठे? ते शिंपल्यांत गेले, प्रवाळांत गेले आणि त्यांचे थर साचून चुनखडीचे खडक झाले. सोडियम समुद्रात राहिले, कॅल्शियम जमिनीवर परत आले. यवतमाळ-चंद्रपूर भागातले सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर चालतात तीही जुन्या समुद्रांचीच ठेव. कोकणात आणि गोव्यात तर खडकापर्यंत जायलाही नको. तिथे शिंपले भाजूनच चुना काढत.

चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो, बाकीचे ४४ किलो हवेत जातात. (मुंबईच्या चुनाभट्टीचे नाव अशाच भट्ट्यांवरून पडले.) या कळीवर पाणी ओतले की ती तडतडते, फुगते, वाफा सोडते आणि तिची मऊ भुकटी होते. चुना विरतो म्हणतात तो हा. एक किलो कळीचा चुना विरताना जी उष्णता निघते तिने साडेतीन लिटर पाणी उकळू शकेल. विरलेल्या चुन्यात वाळू मिसळून घाण्यात मळत आणि त्या चुन्यात दगड बसवत. अनेक गडांवर ते दगडी घाणे अजून दिसतात. भिंतीतला तो चुना वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो.

इथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. सोडियम तुमच्या हाती क्वचित् येईल, चुना रोज येतो. पानाच्या डब्यात असतो, तंबाखूबरोबरच्या पुडीत असतो, रंगाऱ्याच्या बादलीत असतो. खेळताना पुडी दाबली आणि चुना डोळ्यांत उडाला, अशा घटना आपल्याकडे घडतात आणि त्यांत मुलांची दृष्टी जाते. अल्क डोळ्याला ॲसिडपेक्षाही घातक असतो. तो डोळ्यातील चरबी व प्रथिने विरघळवत आत आत शिरत राहतो. असे झाले तर लिंबू, दूध, तेल, तूप असले काहीही घालायचे नाही. त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरायची, पापण्या उघडून आतले कण धुऊन काढायचे आणि निदान अर्धा तास धुणे सोडायचे नाही. दवाखाना त्यानंतर, पण त्याच दिवशी.

बेरियमची कथा थोडक्यात सांगतो. त्याचे विद्राव्य क्षार जहाल विषारी असतात. तरीही पोटाची क्ष-किरण तपासणी करताना रोग्याला बेरियम सल्फेटचा पांढरा घोल पाजतात. लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच मिलिग्रॅमच विरघळते, म्हणून बेरियमचे आयन रक्तात पोचत नाहीत. तिथेही दोन आणि दोन प्रभारांची चौपट पकडच रोग्याला वाचवते.

शिक्षकांसाठी दोन शब्द. उरलेले सोडियम बेसिनमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात कधीही जाऊ देऊ नये. ते रॉकेलात परत ठेवावे. नष्टच करायचे असेल तर ज्वाळेपासून दूर, उघड्या हवेत, चष्मा लावून, कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक लहान तुकडा टाकावा. तिथे विक्रिया होते, पण संथपणे. सोडियम पेटलेच तर पाणी मारू नये आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामकही वापरू नये. कोरडी वाळू टाकावी. वाळूची बादली खरोखर कोरडी आहे का, हे पावसाळ्यात अधूनमधून पाहावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. शिक्षकांकडून चुन्याची ताजी निवळी मागून घ्या. परीक्षानळीत थोडी निवळी घेऊन तिच्यात नळीने हळूहळू फुंका. (फुंकायचे, ओढायचे नाही.) निवळी दुधासारखी पांढरी होईल; चुनखडीचा साका तयार झाला, हे तुम्हांला माहीत आहे. बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका, आणखी पाच-दहा मिनिटे फुंकत राहा. पांढरेपणा विरळ होऊ लागेल. निवळी अगदी स्वच्छ झाली की ती शिक्षकांना तापवून द्यायला सांगा आणि काय दिसते ते पाहा. नंतर घरी जाऊन पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर बोटाने चाचपून बघा.